मऊ यंत्रमानवाचे स्नायू आणि तापणारी कॉइल

दुरुस्तीच्या टेबलावर उघडून ठेवलेला स्पीकर ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांना त्याची अंतर्गत मांडणी आठवेल. मागे जडशीळ चुंबक, त्याच्या अरुंद फटीत नळीवर गुंडाळलेली बारीक तांब्याची कॉइल आणि ती कॉइल फटीच्या मधोमध तोलून धरणारी चुणीदार कापडाची चकती. कारागीर तिला ‘स्पायडर’ म्हणतात. शंकूचा कागद मऊ, कडेचे रबर मऊ, स्पायडरही मऊ. बॅटरीची दोन टोके क्षणभर टेकवली की ‘टप्’ आवाज होतो आणि शंकू पुढे सरकतो. टोके उलटी लावली की तो मागे जातो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये हलत्या कॉइलचा स्पीकर मांडला. त्याची मूळ रचना आजही तीच आहे.

मऊ यंत्रमानवांसाठी विजेवर चालणारे स्नायू बनवण्याची जी धडपड गेल्या आठ-दहा वर्षांत दिसते आहे, तिची सुरुवात मला या स्पीकरमध्ये दिसते. तो अर्धा मऊ आहेच. उरलेला अर्धा, म्हणजे चुंबक, लोखंड आणि तांबे, हाही मऊ करता येईल का? तो मऊ केल्यावर त्याच्या अंगी किती बळ उरेल? आणि मुळात सगळाच्या सगळा मऊ करण्याची गरज आहे का? या तीन प्रश्नांभोवती झालेल्या कामाचा हा आढावा.

मऊ अंगाला कोणता स्नायू?

कारखान्यातला यंत्रमानव ताकदवान असतो, अचूक असतो; पण त्याच्याभोवती जाळीचे कुंपण घालावे लागते. पिकलेला टोमॅटो उचलणे, आजारी माणसाला हात देऊन उठवणे, रक्तवाहिनीतून वाट काढत जाणे, ही कामे त्याची नव्हेत. म्हणून सिलिकोनसारख्या लवचीक पदार्थांची शरीरे आली. हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २०११ मध्ये हवेच्या दाबावर सरपटणारा चार पायांचा रबरी यंत्रमानव दाखवला आणि या क्षेत्राकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

शरीर मऊ झाले, पण त्याला हलवणार कोण? ज्यात वीज, हवा किंवा उष्णता घालून हालचाल मिळते त्या भागाला ॲक्च्युएटर म्हणतात. सोप्या शब्दांत यंत्राचा स्नायू. हवेवर चालणारे स्नायू बळकट आणि स्वस्त असतात, पण त्यांच्यामागे कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह आणि नळ्यांचा संसार येतो. निटिनॉलसारख्या ‘आकार लक्षात ठेवणाऱ्या’ मिश्रधातूची तार तापली की जोरात आखडते, पण पुन्हा सैल होण्यासाठी तिला थंड व्हावे लागते आणि त्यात वेळ जातो. दोन लवचीक विद्युतपटलांमध्ये रबराचा पातळ पापुद्रा ठेवून त्याला ताणणारे स्नायूही आहेत. रॉन पेलरिन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये असा पापुद्रा दुपटीहून अधिक ताणून दाखवला. तो चपळ असतो, ऊर्जाही कमी खातो. फक्त त्याला हजारो व्होल्ट लागतात. माणसाच्या अंगावर बांधायच्या उपकरणात इतका दाब नेताना निरोधनाची काळजी सतत वाहावी लागते.

विद्युतचुंबकीय स्नायूचे आकर्षण नेमके इथे आहे. त्याला दोन-चार व्होल्ट पुरतात, म्हणजे मोबाइलची बॅटरीही चालते. प्रवाहाची दिशा उलटवली की हालचालही उलटते, त्यामुळे ढकलणे आणि ओढणे दोन्ही एकाच अवयवाकडून करून घेता येते. सेकंदाला शेकडो वेळा थरथरणे त्याला सहज जमते. शिवाय चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या कॉइलमध्ये आपोआप वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवले होते. त्यामुळे तीच कॉइल आपण किती वेगाने हलतो आहोत हे सांगणारा संवेदकही होऊ शकते. एवढे गुण एकत्र असताना मऊ यंत्रमानव सर्रास कॉइलवर का चालत नाहीत?

एका घनसेंटिमीटरचा हिशेब

याचे उत्तर एका छोट्या हिशेबात आहे. एक घनसेंटिमीटर तांबे कॉइलच्या रूपात घ्या. ते ०.२ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवा आणि तारेच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरमधून ५ ॲम्पिअर प्रवाह सोडा. सगळी तार क्षेत्राला काटकोनात आहे असे धरले, तर मिळणारे बळ होते १ न्यूटन, म्हणजे साधारण शंभर ग्रॅमचे वजन पेलण्याइतके. तांब्याचे स्वतःचे वजन नऊ ग्रॅम. नऊ ग्रॅमने शंभर ग्रॅम पेलले, हे वाईट नाही. त्याच वेळी त्या तांब्यात उष्णता तयार होते ०.४ वॉट. सोसण्याजोगी आहे.

पण तांबे ताणत नाही. एक टक्क्यापेक्षा कमी लांबले तरी ते कायमचे वाकते, आणि सिलिकोन तर कित्येक पट ताणले जाते. म्हणून संशोधकांनी गॅलिअमकडे मोर्चा वळवला. गॅलिअम २९.८ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे तळहातावर ठेवले तरी पातळ होते. त्यात वजनाने पाव भाग इंडिअम मिसळले की हे मिश्रण साधारण १५.५ अंशांपर्यंत द्रवच राहते. पाऱ्यासारखे दिसते, पण पाऱ्यासारखे विषारी वाफारे सोडत नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडची अतिशय पातळ साय धरते. त्या सायीमुळे सिरिंजने ओढलेली रेघ थेंबाथेंबांत न फुटता रेघच राहते. सिलिकोनमध्ये केसासारख्या नाल्या कोरायच्या आणि त्यांत ही द्रवधातू भरायची, की ताणली जाणारी, पिळली जाणारी, कितीही वेळा वाकली तरी न तुटणारी कॉइल तयार होते.

आता वरच्या हिशेबात तांबे काढून ही द्रवधातू भरा. बळ तेवढेच राहते, १ न्यूटन. उष्णता मात्र ०.४ वॉटवरून सात वॉटच्या पुढे जाते, कारण या मिश्रणाचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे सतरा पट आहे. भरीस भर म्हणजे ताणल्यावर नाली लांबते आणि बारीकही होते. दुप्पट ताणलेल्या कॉइलचा रोध चौपट होतो, आणि प्रवाह तोच ठेवला तर उष्णताही चौपट होते.

शेतीपंपाच्या घरात वाढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तीन फेजपैकी एक फेज गेला, किंवा व्होल्टेज पडले आणि मोटर तशीच चालू राहिली, की ती जास्त प्रवाह ओढते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. तारेवरचे एनॅमल करपते आणि दुसऱ्या दिवशी ‘मोटर जळाली’ म्हणत ती रिवाइंडिंगच्या दुकानात न्यावी लागते. विद्यार्थी असताना मी अशा एका दुकानात तासन्‌तास बसत असे. जळालेली वाइंडिंग छिन्नीने कापून काढताना करपलेल्या वार्निशचा जो उग्र वास येई, तो अजून नाकात आहे. तिथले कारागीर मोटर हातात घेताच आधी तिला हुंगत. ताकद किती अश्वशक्तीची, हा प्रश्न नंतरचा; आधी ती कुठे तापली ते पाहायचे. मऊ ॲक्च्युएटरचे आराखडे पाहताना मलाही आता तीच सवय लागली आहे.

आणि त्या पंपाच्या मोटरला निदान लोखंडी अंग असते, अंगावर पंख्यासारख्या कडा असतात, पाण्यात बुडालेली असेल तर भोवती थंड पाणी असते. मऊ स्नायूतली कॉइल सिलिकोनमध्ये बुडालेली असते. सिलिकोनची उष्णता वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या सुमारे दोन हजारांश. जणू तापणाऱ्या तारेला गोधडीत गुंडाळून ठेवले आहे. सिलिकोन स्वतः दोनशे अंशांच्या आसपास टिकते, पण साध्या प्रतीचे निओडिमिअम चुंबक ऐंशी अंशांच्या पुढे आपले चुंबकत्व गमावू लागते, आणि माणसाच्या कातडीला तर सततचा ४३-४४ अंशांचा स्पर्शही इजा करतो. म्हणजे अंगावर घालायच्या यंत्रात सर्वांत आधी हार मानते ती आपली त्वचा, मग चुंबक, आणि सर्वांत शेवटी रबर.

या हिशेबातून आराखडा करणाऱ्याला एक मोलाचे सूत्र मिळते. दर वॉटमागे बळ किती, असे नुसते विचारून भागत नाही, कारण बळ दुप्पट हवे तर उष्णता चौपट होते. म्हणून बळाला वॉटच्या वर्गमुळाने भागायचे. हा आकडा त्या स्नायूची खरी कुवत सांगतो. त्यात तारेच्या जाडीला स्थान नाही. त्याच जागेत बारीक तारेचे शंभर वेढे बसवा किंवा जाड तारेचे दहा; तेवढ्याच बळाला उष्णता सारखीच लागते, फक्त व्होल्ट आणि ॲम्पिअरचे प्रमाण बदलते. द्रवधातूच्या नाल्यांत वेढे थोडे बसतात, त्यामुळे व्होल्ट अगदी कमी आणि ॲम्पिअर जास्त लागतात. बॅटरी आणि जोडतारांवर त्याचा ताण येतो. कुवत वाढवण्याचे मार्ग तीनच: तारेचा रोध कमी करा, धातूचे घनफळ वाढवा, किंवा क्षेत्र वाढवा. यात क्षेत्राचे पारडे सर्वांत जड. क्षेत्र दुप्पट केले तर जो फायदा होतो, तो कॉइलचे घनफळ चौपट केल्यावरच मिळतो.

चुंबक मऊ केल्यावर

म्हणून खरा खेळ चुंबकाचा आहे. निओडिमिअम, लोखंड आणि बोरॉन यांचे चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे विकसित केले. आजही बाजारात मिळणाऱ्या चुंबकांत तेच सर्वांत बलवान. पण ते चिनी मातीसारखे ठिसूळ असतात. मऊ चुंबक करायचे तर त्यांची बारीक भुकटी सिलिकोनमध्ये कालवून ओतायची, घट्ट होऊ द्यायची आणि मग तीव्र चुंबकीय झोत देऊन तिला दिशा द्यायची. घनफळाच्या तिसऱ्या भागाइतकी भुकटी घातली तर चुंबकत्वही साधारण त्याच प्रमाणात उरते. भुकटी आणखी वाढवली तर चुंबक बलवान होतो, पण रबर कडक होत जाते. मऊपणा आणि बळ यांची ही ओढाताण प्रत्येक प्रयोगशाळेत रोज चालते.

दुसरी अडचण अंतराची. एक सेंटिमीटर व्यासाची, अर्धा सेंटिमीटर जाडीची घन निओडिमिअमची चकती घ्या. तिच्या पृष्ठभागाच्या मध्यावर क्षेत्र सुमारे ०.४६ टेस्ला असते. पाच मिलिमीटर दूर गेलो की ते ०.१२ होते आणि एक सेंटिमीटरवर जेमतेम ०.०३५. स्पीकरमध्ये ही गळती रोखायला लोखंडाच्या तबकड्या असतात. त्या चुंबकाचे क्षेत्र वळवून मिलिमीटरभर फटीत कोंडतात आणि तिथे एक टेस्लाच्या आसपास क्षेत्र मिळते. मऊ यंत्रात लोखंडही रबरात मिसळलेल्या भुकटीच्या रूपात येते. कणाकणांत रबर शिरलेले असल्यामुळे क्षेत्राला वाट दाखवण्याची त्याची शक्ती सलग लोखंडापुढे अगदीच तोकडी पडते. चुंबकीय दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. एक टेस्लाला तो दर चौरस सेंटिमीटरला ४० न्यूटन भरतो, आपल्या स्नायूंच्या तोडीचा. ०.१ टेस्लाला तो ०.४ न्यूटनवर येतो. मऊपणाची किंमत म्हणून ताकदीचा शंभरावा हिस्साच हाती राहतो, आणि हा भौतिकीचा नियम असल्यामुळे त्याच्याशी घासाघीस चालत नाही.

कुणी काय करून दाखवले

अमेरिकेत सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात थान न्हो दो, यॉन व्हिझेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये द्रवधातूची कॉइल आणि लवचीक चुंबक असलेले छोटे स्नायू दाखवले. व्हिझेल यांच्या गटाचा मुख्य विषय स्पर्श. बोटाच्या टोकाला कंप सर्वांत बारकाईने जाणवतो तो सेकंदाला अडीचशेच्या आसपास आंदोलने असताना. इतक्या वेगात हवेचा स्नायू चालत नाही, तापणारी तार तर नाहीच. इथे लागणारे बळ अगदी थोडे, वेग मात्र भरपूर. म्हणजे या स्नायूच्या नेमक्या स्वभावाचे काम.

ऑस्ट्रियातील लिंझच्या योहानेस केप्लर विद्यापीठात गुओयोंग माओ आणि मार्टिन काल्टेनब्रुनर यांच्या गटाने २०२० मध्ये रबरी शार्क, पाण्यात रंग ढवळणारा पंख आणि सुट्या पाकळ्यांचे फूल दाखवले. त्या फुलाच्या प्रत्येक पाकळीत वेगळी द्रवधातूची कॉइल होती आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, फूल मिटत किंवा उमलत असे. याच गटाने २०२२ मध्ये पुढचे पाऊल टाकले. वाकलेल्या दुपदरी रबराच्या छोट्या पट्टीत द्रवधातूच्या नाल्या छापल्या, स्थिर चुंबकीय क्षेत्रात तिला काही व्होल्टचा उलटसुलट प्रवाह दिला आणि ती पट्टी धावू लागली: सपाट पृष्ठभागावर सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या ३५ पट, खास नक्षीदार पृष्ठभागावर ७० पट. पण बॅटरी आणि सर्किट पाठीवर घेतल्यावर हा वेग सेकंदाला लांबीच्या दुपटीच्या आसपास उरला. पस्तिसावरून दोनावर येणारी ही उतरण मला त्या सत्तरच्या विक्रमाइतकीच महत्त्वाची वाटते. वजन, बॅटरी आणि उष्णता यांचे ओझे खऱ्या वापरात किती जड पडते, ते तीच सांगते, आणि त्या गटाने ती स्वच्छपणे मांडली आहे.

जॉर्जिया टेकमध्ये एलेन मझुमदार यांच्या प्रयोगशाळेत विद्युतचुंबकीय स्नायूवर चालणारा, उमलणाऱ्या-मिटणाऱ्या झेनिया प्रवाळासारखा यंत्रमानव उभा राहिला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जॉन रॉजर्स, यॉन्गांग हुआंग आणि ड्यूक विद्यापीठातील शियाओयुए नी यांनी २०२२ मध्ये नागमोडी तारांचे पातळ जाळे चुंबकीय क्षेत्रात ठेवून, प्रत्येक तारेतला प्रवाह वेगवेगळा राखत, हवा तो आकार घेणारा पृष्ठभाग घडवला.

दुसरा एक प्रवाह कॉइल यंत्राच्या पोटातून बाहेर काढतो. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत मेटिन सिट्टी यांच्या गटाने २०१८ मध्ये ३.७ मिलिमीटर लांबीची चुंबकीय रबराची पट्टी दाखवली. बाहेरचे क्षेत्र बदलत गेले की ती चाले, लोळे, उडी मारे, पोहे. एमआयटीतील शुआन्हे झाओ यांच्या गटाने २०१९ मध्ये त्याच तत्त्वावर मेंदूच्या रक्तवाहिन्यांत शिरू शकेल अशी, मिलिमीटरहून बारीक मार्गदर्शक तार बनवली. यंत्राच्या आत काहीच तापत नाही, हा या वाटेचा मोठा फायदा. मात्र क्षेत्र तयार करणारी अवजड यंत्रणा रुग्णाच्या शेजारी उभी करावी लागते आणि तिच्या आवाक्याबाहेर यंत्र निर्जीव होते.

या दोन वाटांचा सर्वांत सुंदर मिलाफ मला सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील कामात दिसतो. एमआरआय यंत्राच्या पोटात १.५ किंवा ३ टेस्लाचे क्षेत्र आयतेच असते. तिथल्या संशोधकांनी २००२ मध्ये मांडले की कॅथेटरच्या टोकाशी इवलीशी कॉइल गुंडाळावी आणि तीत थोडा प्रवाह सोडावा, म्हणजे ते टोक क्षेत्राच्या दिशेने वळेल. क्षेत्र इतके मोठे की दोन मिलिमीटरची कॉइलही पुरते. शिवाय वाहते रक्त तिला थंड ठेवायला मदत करते. रबर मऊ, कॉइल तांब्याचीच, आणि चुंबक इमारतीइतका पक्का, पण शरीराबाहेर. प्रत्येक घटक आपापल्या जागी.

धरून ठेवण्याचा प्रश्न

या स्नायूची एक उणीव फारशी बोलली जात नाही. तो वस्तू नुसती धरून उभा असेल तर भौतिकीच्या अर्थाने काम शून्य होते, पण प्रवाह चालू राहतो आणि कॉइल तापत राहते. स्पीकरला हा त्रास नाही, कारण त्याला काही धरून ठेवायचे नसते. हाताला असतो. त्यावरचा उपाय केसांना लावायच्या टिकटिक पिनमध्ये आहे. ती दोनच स्थितींत स्वस्थ असते आणि एका स्थितीतून दुसरीत जायला फक्त एक दाब लागतो. स्नायूची रचनाच अशी दोन स्थितींत स्थिरावणारी केली, तर क्षणभर प्रवाह देऊन ती उलटवायची आणि मग वीज बंद करायची. छोट्या विद्युतझोताने चुंबकत्व चालू-बंद होणारे कायम चुंबकही याच कामी येतात.

यावरून आराखडा करणाऱ्यांसाठी एक साधा क्रम सुचतो. हालचाल छोटी, वेगवान आणि थांबून-थांबून होणारी असेल तरच कॉइल निवडा. सतत जोर लावून ठेवायचा असेल तर हवा किंवा मोटरने ओढलेली दोरी बरी. मग चुंबक आणि कॉइल यांच्यातले अंतर पक्के करा, कारण तिथला प्रत्येक मिलिमीटर बळ खातो. त्यानंतर कुठला भाग खरोखर ताणला जाणार आहे ते तपासा. नुसता वाकणार असेल तर नागमोडी बसवलेली तांब्याची तार पुरेशी आहे. द्रवधातू तिथेच वापरा जिथे खरा ताण आहे. ती ॲल्युमिनिअमला लागू देऊ नका, कारण गॅलिअम त्याच्या कणांमधल्या सीमांत शिरून त्याला ठिसूळ करते. आणि उष्णता कुठून बाहेर जाणार, हे कागदावर पहिल्याच दिवशी लिहा.

या विषयाचे निबंध वाचताना एक अपेक्षा मनात राहते. वेग, ताण आणि चित्रफिती सगळे देतात. अर्धा तास सतत चालल्यावर कॉइलचे तापमान किती होते आणि बळाला वॉटच्या वर्गमुळाने भागल्यावर काय उरते, हे दोन आकडे प्रत्येकाने द्यायला हवेत. त्यांच्याशिवाय एका स्नायूची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही. कच्च्या मालाचाही विचार लवकर करावा लागेल. जगातले बहुतेक गॅलिअम चीनमध्ये तयार होते आणि त्या देशाने ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला प्रयोग करायचा असेल तर एनॅमलची तार, सिलिकोन आणि चुंबकाची चकती यांपासून सुरुवात करता येते. ही सुरुवात कमी दर्जाची नाही. उष्णतेच्या हिशेबात तांबे अजूनही सतरा पटींनी पुढे आहे.

सुरुवातीच्या तीन प्रश्नांकडे परत येऊ. उरलेला अर्धा मऊ करता येतो, हे सिद्ध झाले आहे. तसे केल्यावर बळ फार थोडे उरते, हेही सिद्ध झाले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शरीराने आधीच दिलेले आहे. आपला हात मऊ आहे, कारण हाडे, कंडरा, मांस आणि कातडी यांनी कडकपणा आणि मऊपणा आपसांत वाटून घेतला आहे, आणि त्या सगळ्यांतून रक्त फिरते, जे उष्णताही वाहून नेते. मऊ यंत्रमानवाच्या शरीरात हाडाची जागा आपण शोधू लागलो आहोत. रक्ताची जागा अजून रिकामी आहे. कॉइल किती ताणते यापेक्षा ती थंड कशी राहते यावर जो गट पुढची दहा वर्षे घालवेल, त्याच्या हातून खरा स्नायू घडेल असे मला मनापासून वाटते. रिवाइंडिंगच्या दुकानात मोटर हातात घेऊन आधी हुंगणाऱ्या कारागिराने मला हेच शिकवले होते.